बाई परत येईपर्यंत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या खात्याचे माननीय सचिव साहेब, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, जिला निरोप देणं जिवावर आलंय अशी आपल्या सर्वांची लाडकी व्यक्ती, म्हणजे आपल्या कायदा सल्लागार बाई, आजच्या दिवसापुरती मासेमारीची बोट बंद ठेवून पहिल्या रांगेत येऊन बसलेले बाईंचे थोरले बंधू, आणि माझ्या सहकारी मित्रमैत्रिणींनो,

बाईंबद्दल चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली आहे. चार शब्दांत बाई मावतील असं ज्याला वाटलं, त्यानं बाईंकडून मसुदा तपासून घेतलेला नसावा. बाईंनी सकाळीच बजावलंय, "माझी स्तुती करत बसू नकोस, लोकांना भूक लागलेली असते." तेव्हा स्तुती टाळते आणि एक चूक सांगते. ती बाईंची नाही, माझी आहे. बाई आणि त्यांचे बंधू सोडले, तर या इमारतीत आजवर ती कुणालाच ठाऊक नाही.

गेली बारा वर्षं बाई एकाच कामाच्या मागे आहेत. समुद्रातल्या प्लास्टिकबाबत सगळ्या देशांना बांधून घेणारा एक करार व्हावा. आपल्या नदीत पडलेली पिशवी भलत्याच देशाच्या किनाऱ्याला लागते. मग तक्रार कुणी कुणाकडे करायची? भर समुद्रात तर कुणाचीच हद्द नाही, म्हणून तिथला कचराही कुणाचाच नाही. या कराराच्या मसुद्यात बाईंनी एक परिच्छेद लिहिला. नुसतं उचलून भागणार नाही, मुळात प्लास्टिक बनवायचं किती, यालाही मर्यादा हवी. बाई म्हणतात, "उचलण्यावर सगळे भरभरून बोलतात. बनवण्याचा विषय काढला की सगळ्यांना चहाची आठवण होते."

आता सगळे देश जिथे या करारावर वाटाघाटी करतात, त्या सभागृहाची रीत सांगते, कारण माझी चूक तिथेच झाली. प्रत्येक देशापुढे टेबलावर नावाची पाटी असते. एरवी आडवी ठेवलेली. बोलायचं असेल, हरकत घ्यायची असेल, तर ती उभी करायची. सभापती शेवटी विचारतात, "कुणाची हरकत?" एकही पाटी उभी नसेल तर हातोडा पडतो. हातोडा पडला की विषय संपला, मग कितीही गळा काढा.

सात वर्षांपूर्वी मी बाईंबरोबर पहिल्यांदा गेले. नवे बूट आणि नवी फाइल. तिसऱ्या दिवशी दुपारी काही देशांनी सुचवलं, हा परिच्छेद वगळा. बाईंनी आमची पाटी उभी केली आणि दोन लहान बेटांच्या प्रतिनिधींना पाठिंब्यासाठी बोलवायला त्या शेजारच्या खोलीत निघाल्या. जाताना म्हणाल्या, "मी परत येईपर्यंत पाटी उभी ठेव. वेळ आलीच तर एवढंच म्हण, आमची हरकत आहे."

आमचा क्रमांक शेवटचा होता. बाकीचे बोलले आणि आपापल्या पाट्या आडव्या करून बसले. एवढ्या मोठ्या सभागृहात आमची एकटीच पाटी उभी, वर्गात बाकावर उभं केलेल्या मुलासारखी. सभापतींनी घड्याळ पाहिलं. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे बघून हसले. आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतोय, असं वाटून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हलक्या हातानं पाटी आडवी केली. म्हटलं, बाई आल्या की पुन्हा उभी करू, दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे. हातोडा पडायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

बाई दोघांना घेऊन दारात आल्या. त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या दोघांना म्हणाल्या, "माफ करा, आमच्याकडून चूक झाली." आणि इथे पाठवलेल्या अहवालात लिहिलं, "मी जागेवर नव्हते." त्या एका ओळीपायी बाईंची बढती दोन वर्षं लांबली. आणि मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. याची मला आजही लाज वाटते.

माफी मागायला मी बाईंच्या घरी गेले, तेव्हा त्यांचे हे थोरले दादा तिथेच होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दादा, आठवतंय ना? तुम्ही म्हणालात, "जाळ्यात मासळी कमी आणि पिशव्याच जास्त येतात. मी रोज हरकत घेतो गं. पण माझ्यापुढे पाटी नाही." त्यानंतर माझ्यानं चहा प्यायला गेला नाही.

पुढे एकोणीस महिने बाई एकेका देशाला गाठत राहिल्या. जेवणाच्या रांगेत, लिफ्टमध्ये, विमानतळाच्या बाकांवर. काहींनी हसून वाटेला लावलं, काहींनी भेटच नाकारली. बाई पुन्हा जात राहिल्या. शेवटी पुरेसे देश विषय पुन्हा उघडायला तयार झाले आणि परिच्छेद मसुद्यात परत आला. आता तीन आठवड्यांनी शेवटची फेरी आहे, आणि त्या खुर्चीत मी बसणार आहे.

अध्यक्ष महोदय, आज समारंभाचा दिवस आहे, तरी एक विषयांतर पोटात घालावं. सोमवारी मला आपल्या कार्यालयातून फोन आला. एकमत होत असेल तर तो परिच्छेद सोडून द्यावा, आपण ताणून धरू नये, असा निरोप होता. साहेब, तोंडी निरोपावर एक ओळही बदलायची नाही, ही बाईंची शिकवण. परिच्छेद सोडायचा असेल तर तसा आदेश कारणांसह, आपल्या सहीनं, कागदावर द्यावा. तशी विनंती मी आज दुपारी लेखी पाठवली आहे. तसा कागद हाती येईपर्यंत आपली हरकत कायम आहे, आणि ती मी घेणार आहे. कुणी घड्याळ पाहो, कुणी हसो.

संयोजकांनी माझ्यापुढेही एक पाटी ठेवली आहे. ती मी आता उभी करते.

बाई, त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, मी परत येईपर्यंत पाटी उभी ठेव. आज तुम्ही निघालात, त्या परत न येण्यासाठी. तेव्हा ही पाटी आडवी करायची वेळही आता येणार नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, संयोजकांनी मला जरा जास्तच वेळ दिला, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनानं क्षमा करावी. पाटी मात्र राहू द्यावी.