सील शाबूत

…नाही, पण मला सांगा, प्लॅस्टिक दिसलं की फोडायचंच का? तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं जपली होती मी ती कॅसेट! जुना जपानी निन्जापट, कृष्णधवल, आठवडाभरात पडला, जग विसरलं, आणि विसरलं म्हणूनच आम्हा संग्राहकांचा जीव की प्राण! अख्ख्या शहरात दोनच कॅसेटी. एक घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माझ्या दोस्ताकडे, एक माझ्याकडे, आणि आधी कोण फोडतो यावर आमची खुन्नस. माझं सील शाबूत! बघितला का म्हणता? अहो, बघायचा म्हणजे फोडायला नको? कव्हरवर छताला पालीसारखा चिकटलेला निन्जा, तो दाखवून मी पाहुण्यांना तासतास सांगायचो, काय नायक आहे! पाहुणे चहा अर्धा टाकून पळायचे. पळेनात का, सील शाबूत!

आणि मग सासरे आले. गुडघ्याचं ऑपरेशन, महिनाभर मुक्काम. मी ऑफिसात, ही बाजारात, आणि त्यांना आला कंटाळा… संध्याकाळी दार उघडतो तर टीपॉयवर नेलकटर, शेजारी चुरगळलेलं प्लॅस्टिक, आणि दोघं बापलेक तिसऱ्यांदा लावून बसलेले! अगं, सील, म्हटलं, तर ही मलाच गप्प करते! सासरे शांतपणे म्हणाले, "जावईबापू, बसा. घाम टपकला की हा मेला."

घाम? बघतो तर निन्जा छताला, खाली पहारेकरी सावकाश चहा पितोय, निन्जाच्या नाकावर थेंब… बसलो! बॅग खांद्याला तशीच. थेंब टपकला थेट कपात, पहारेकऱ्यानं वर बघितलं, आणि माझा नायक दहाव्या मिनिटाला खलास! मग अकरा वर्षं मी कौतुक कुणाचं करत होतो? खरी निन्जा स्वयंपाकघरातली म्हातारी, एका पळीनं बारा जणांना लोळवते! सासरे दुखरा गुडघा विसरून टाळ्या पिटतायत, मी हसून हसून सोफ्याखाली. खरं सांगतो, त्या बंद कॅसेटनं एवढा आनंद कधी दिला नव्हता.

बातमी कळली तसा घड्याळवाला आला, सांत्वनाला! प्लॅस्टिकवरून हात फिरवला, उसासा टाकला, टेकला… तो आता दर रविवारी हजर. परवा म्हटलं, अरे, तुझी आहे ना घरी, तीच बघ की!

"वेडा आहेस का? सील आहे तिला."

वर सासरे म्हणतात, जावईबापू, जरा सरका, त्यांना दिसत नाहीये.

काय करता… सरकलो.