चादरीचं पुस्तक

...नाही, मला एवढंच सांगा, पुस्तक बांधायला काय काय लागतं? सुई, दोरा, खळ... आणि? कागद! शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तुम्हाला सांगतो, मी पुस्तकबांधणी शिकवतो, वडिलांनी हातात दाभण दिलं तेव्हापासून दुसरं काही केलंच नाही, आणि आमच्या प्राचार्यबाई मला बोलावून म्हणतात, "सर, या सत्रापासून कागदाला हात लावायचा नाही." म्हटलं, बाई, मग बांधू काय? "ते तुम्ही बघा. कोर्स पेपरलेस. आणि हो, मुलांनी पुस्तकं करून ऑनलाइन पाठवली नाहीत, तर कोर्स बंद." म्हणजे पाण्यात न उतरता पोहायला शिकवा, आणि कोणी पोहलं नाही तर तळं बुजवतो!

बरं, विद्यार्थी दोन तऱ्हेचे. निम्मे वर्गात, निम्मे आपापल्या घरी, आणि मधे टेबलावर लॅपटॉप. लॅपटॉपकडे बघितलं की वर्गातली ओरडतात, "सर, पाठ दिसते." वर्गाकडे वळलो की लॅपटॉपमधून, "सर, नुसता कान दिसतो." घरून बसणाऱ्यांतल्या एकाचं नाव मी पंखा ठेवलंय, कारण त्याच्या कॅमेऱ्यात छताचा पंखा सोडून आजवर काही दिसलेलं नाही. मी विचारतो, "समजलं का?" पंखा गरगर फिरतो. मी ते हो समजतो. काय करणार?

वर्गातली तरी समोर आहेत म्हणाल... हेडफोन लावून! माझ्यापासून तीन हातांवर बसून माझाच आवाज लॅपटॉपवरून ऐकतात. एकदा माझा माइक बंद राहिला. मी घसा फोडून सांगतोय, दोरा असा ओढायचा, गाठ अशी मारायची, आणि तास संपता संपता पडद्यावर निरोप, "सर, आवाज येत नाही." कुणाचा? पहिल्या बाकावरच्या मुलीचा. म्हटलं, अगं बाई, हेडफोन काढ की! तर तेही तिला ऐकू गेलं नाही.

आता शिवण दाखवायची कशावर? रद्दी घेऊन गेलो तर शिपाई दारातच आडवा, "सर, कागद बाहेर." का? तर कोर्स पेपरलेस! घरी आलो, कपाट उघडलं, आणि एक चादर ओढली. पांढरी, निळ्या फुलांची. टराटरा फाडली, घड्या घातल्या, दाभणानं भोकं पाडली, शिवली. पुठ्ठा म्हणजे पुन्हा कागदच, म्हणून वरखाली लाकडी फळ्या लावल्या. खरं सांगतो, देखणं झालं पुस्तक. बायको म्हणाली, "अहो, ती माझ्या आईनं दिलेली चादर." म्हटलं, आता ती वाचायची. "त्यात लिहिलंय काय?" काय लिहिणार? कोर्स पेपरलेस!

मग ते पुस्तक वर्गात फिरवलं, कॅमेऱ्यासमोर धरलं, आणि अक्षरशः हात जोडले. म्हटलं, पोरांनो, घरचं जुनं कापड घ्या, वेडंवाकडं शिवा, बोटं टोचून घ्या, पण एक पुस्तक शिवा. नाही तर ही विद्या माझ्याबरोबरच जाईल. बोलता बोलता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पंखासुद्धा फिरायचा थांबला. वीज गेली होती म्हणा.

आणि आली की पुस्तकं! झाडून सगळ्यांचे फोटो आले. पहिला उघडला... निळी फुलं. दुसरा... निळी फुलं. एकानं फोटो उलटा केलाय, एकानं काळापांढरा, पहिल्या बाकावरच्या मुलीनं फुलं हिरवी केलीत. पंख्यानं तर काहीच बदललं नाही, कोपऱ्यात माझा अंगठासुद्धा तसाच! बायको मागून डोकावली. "अहो, माझी चादर एवढ्या घरांत कशी पोचली?"

सांगू कुणाला? सांगितलं तर कोर्स बंद, आणि नाही सांगितलं तर एकाही पोरानं सुई हातात धरलेली नाही. गिळलं मुकाट्यानं. सगळ्यांना पास केलं, आणि नियमाप्रमाणे शेवटी माझ्या नमुन्याचा फोटो टाकला. जसा काढला तसा, सरळ. मला कुठे फुलं हिरवी करता येतात?

दुसऱ्या दिवशी बोलावणं. "अभिनंदन सर, कोर्स वाचला. पण एक गंभीर बाब आहे. कॉम्प्युटरनं नक्कल पकडलीय. एका विद्यार्थ्याचं पुस्तक कोणीतरी जसंच्या तसं उचललंय." मनात म्हटलं, वाचलो, मला काही बोलावं लागलं नाही. विचारलं, "कोणी, बाई?"

"तुम्ही."

पंख्याचा फोटो आधी पोचला होता ना, माझा नंतर! म्हटलं, "बाई, त्याच्या फोटोत माझा अंगठा आहे." तर म्हणतात, "म्हणजे कबूल करताय."

म्हटलं, द्या कागद, माफी लिहून देतो. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या... आलं लक्षात. कोर्स पेपरलेस.

आता नियम असा, की नक्कल करणाऱ्यानं तोच कोर्स पहिल्यापासून करायचा. म्हणजे पुढच्या सत्रात शिकवणारा मी आणि बाकावरही मीच. बायकोनं उशीचे अभ्रेसुद्धा कुलपात टाकलेत. असू दे. निदान माझ्या वर्गात हेडफोन न लावता ऐकणारा एक तरी विद्यार्थी बसेल.