आज्याच्या सदऱ्याचा वास

नागभीडच्या स्टँडवर बस काही येईना. बाकावर टेकलेल्या नानाजीचे कान आपसूकच शेजारच्या आजी-नातीकडं वळले.

“डिंपल, पेटीतली डांबरगोळी गेली कुठी? उंदीर तं तिले खात नाई.”

“हवेत गेली, आजी. तिचे कण एकमेकाले सैल धरतेत. एकेक सुटते न उडून जाते.”

“अन् तुह्या आज्याच्या सदऱ्याचा वास? मासोळीचा, बिडीचा?”

“तोही तसाच उडते.”

“काऊन व माय! तेवढाच तं राह्यला त्याचा.”

“जित्ता होता तवा नाक दाबत होती न तू?”

“दाबत होती. तलावातच झोप म्हणो त्याले.”

“पेटी किती बार उघडते?”

“दिवा लावला का रोज एकदा.”

“उघडू नको मंग. बंद पेटीत वास टिकते.”

“उघडली नाई तं हुंगू कशी व?”