विमा कंपनीस निरोप

रतन : सोमवार, दिनांक तीस नोव्हेंबर. वेळ सायंकाळी पाच वाजून पन्नास मिनिटे. स्थळ घाटकोपर पूर्व, तिसरा मजला, आमचे स्वयंपाकघर. हं, आता बोल.

सपना : बाबा, मी सभा नाही भरवलीये! इथे बासेलला एक वीस झालेत. विमा कंपनीच्या दारात उभी आहे, बोटं गारठलीत. मला फक्त माझा सभासद क्रमांक सांगा. कार्ड खोलीवर राहिलं.

नंदा : अहो, सांगून टाका ना नंबर! पोरगी थंडीत उभी आहे तिकडे.

रतन : सांगणारच आहे, नंदा. फाइल माझ्या मांडीवर आहे, खूणचिठ्ठी क्रमांक नऊ. परंतु आरोग्य विमा सोडण्याचे पत्र मी या महिन्याच्या प्रारंभीच लिहून दिले होते. चार पाने. सपनाने त्याचे जर्मन केले, सही केली, रजिस्टर पोस्टाने धाडले, कंपनीची पोचही आली. मग आज दारात उभे राहण्याचे प्रयोजन काय?

सपना : प्रयोजन हे, की पोचेनंतर आज सकाळी त्यांचं उत्तर आलंय. ऐकाच. त्यांनी तुमचं पत्र त्यांच्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचलं. एक बाई रडली म्हणे.

रतन : कोणत्या परिच्छेदाला?

सपना : बाबा!

रतन : विचारणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या परिच्छेदाला रडली असेल. तो मी तीनदा लिहिला होता.

सपना : पुढे ऐका. ‘इतक्या वर्षांत कुठल्याही सभासदाने आमचे असे आभार मानले नव्हते. आपण प्रवासाला निघत आहात असे दिसते. परदेशात अचानक आजारी पडलात तरी काळजी नसावी, आम्ही सोबत आहोत.’ आणि खाली, ‘पुढील वर्षीही आपली सेवा करण्यास उत्सुक.’

नंदा : म्हणजे विमा सुटलाच नाही?

सपना : सुटला नाही! उलट त्यांच्या पत्रिकेत छापणार आहेत. माझा फोटो मागितलाय. निळ्या पार्श्वभूमीचा.

नंदा : अगं आई गं! हसून हसून माझी कणीक खाली पडली बघ.

रतन : हसण्यासारखे काही नाही. चौथ्या पानावर स्पष्ट लिहिले आहे, ‘आपल्या स्नेहाच्या छायेतून पाऊल बाहेर टाकण्याचा क्षण समीप आला आहे.’ याहून स्पष्ट काय असते?

सपना : ‘सोडते’. ‘सोडते’ स्पष्ट असतं. त्यांना वाटलं मी फिरायला चालले!

रतन : पाठवण्यापूर्वी तू वाचायला हवे होतेस.

सपना : मी भाषांतराच्या मशीनमध्ये टाकलं, बाहेर आलं, खाली सही ठोकली. चार पानं कोण वाचतं, यार?

रतन : तू वाचले नाहीस?

नंदा : वाट लागली. आता जेवणार नाहीत हे.

सपना : पहिलं पान वाचलं, बाबा. शप्पथ. छान होतं. पण आज चुकले तर मेले ना मी. इथे स्वित्झर्लंडमध्ये नियम आहे, कंपनी बदलायची तर पत्र तीस नोव्हेंबरपर्यंत त्यांच्या हातात पडायला हवं. नुसतं पोस्टात टाकून चालत नाही. आज नाही दिलं तर अख्खं पुढचं वर्ष यांच्याकडेच. दीडला जेवणाची सुट्टी संपते आणि खिडकी उघडते. वही आणलीय, पेन आणलंय, मी एका ओळीत लिहिते, तुम्ही नंबर सांगा.

रतन : एका ओळीत? वर्षभर ज्यांनी आपला भार वाहिला त्यांना एका ओळीत वाटेला लावायचे? घाटकोपरात रिक्षावाल्याशीही आपण असे बोलत नाही.

नंदा : तुम्ही बोलत नाही. म्हणून दर वेळी गल्लीच्या तोंडाशीच उतरावं लागतं.

रतन : निरोपाला एक रीत असते. आधी ऋण मान्य करावे, मग आपली अडचण सूचित करावी, समोरच्यास दुःख होईल तेथे शब्द मऊ ठेवावा. एकतीस वर्षे छापखान्यात मी मुद्रिते तपासली आहेत. काय चांगले लिहिलेले असते ते मला कळते.

नंदा : छापखान्याचंच काढलंत ना? मग सांगते गं सपना. यांनी राजीनामा दिला, तोही असाच, सहा पानांचा. मालकांनी वाचला, डोळे पुसले, शाल आणि नारळ देऊन सत्कार केला. राजीनामा आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही! दुसऱ्या दिवशी हे पुन्हा डबा घेऊन कामावर.

सपना : काय! किती दिवस?

नंदा : दोन वर्षं!

रतन : सत्कारानंतर लगेच निघून जाणे शिष्टाचाराला धरून नव्हते.

नंदा : आणि तो लवू? खालच्या मजल्यावरचा. खोली सोडायची म्हणून यांच्याकडून पत्र लिहून घेतलं. मालकीणबाईंनी त्याला हाताला धरून थांबवला. अजून तिथेच आहे बिचारा, लग्नाची बायको वर्सोव्याला आणि हा इथे.

सपना : आई, पुरे, माझं पोट दुखायला लागलंय. माझ्यामागचे लोक बघतायत.

रतन : हसून घ्या. परंतु माझा मूळ प्रश्न तसाच आहे. ही कंपनी सोडायचीच कशाला? यांची पद्धत मला शिस्तीची वाटली. आजारी पडल्यावर आधी त्यांना दूरध्वनी करायचा, त्यांनी ऐकून घ्यायचे, मगच वैद्याकडे जायचे. उठसूट कुणी दवाखान्यात धावत नाही. तू कारण विचारू दिले नाहीस. ‘दुसरी बरी आहे’ एवढेच म्हणालीस.

सपना : बरी आहे म्हणून.

रतन : हे कारण नव्हे. हे विधान झाले.

सपना : बाबा, एक पंचवीस.

रतन : कारण.

सपना : ऑक्टोबरात मला दम लागला होता.

नंदा : काय?

सपना : रविवार होता, दुपारची वेळ. जिना चढत होते, दुसऱ्या मजल्यावर छाती आवळली. दम्याचा पंप संपलेला. मला एवढंच माहीत, की आधी फोन करायचा. पायरीवर बसून फोन लावला. ते जर्मनमध्ये विचारतायत, मी इंग्रजीत सांगतेय, ते म्हणतात थांबा, इंग्रजीवाला माणूस देतो. मग गाणं वाजायला लागलं. मी धापा टाकत गाणं ऐकतेय. चाळीस मिनिटं.

नंदा : आणि तू आम्हाला बोलली नाहीस?

सपना : खालच्या मजल्यावरची म्हातारी भाजी घेऊन वर आली, तिने मला बघितलं आणि सरळ गाडीत घालून दवाखान्यात नेलं. एवढं झालं असेल तर आधी फोन करायची गरजच नसते म्हणे. पण ते मला कोण सांगणार? नवीन माणसाला असलं काय माहीत असतं? दुसऱ्या कंपनीत आधी फोन करायची भानगड नाही. माझ्या लॅबसमोर एक तमिळ डॉक्टरीण आहे, सरळ तिच्याकडे जायचं. ती मला इंग्रजीत रागावते. मला बरं वाटतं.

नंदा : देवनारचाच दम ना गं हा? तो गेला असं वाटलं होतं मला.

सपना : गेला होता, आई. परत आला. इथल्या थंडीने.

नंदा : अहो, ऐकलंत ना? नंबर तरी सांगा.

रतन : देवनार सोडले तेव्हा ही सहा वर्षांची होती.

नंदा : हो.

रतन : कचरा-डेपोच्या धुरात रात्रभर खोकायची. तेव्हा घरमालकाला मी पत्र लिहिले होते का, नंदा?

नंदा : कसलं पत्र! सकाळी टेम्पो आणलात. भांडी तशीच खरकटी भरली.

रतन : त्याला काय म्हणालो होतो?

नंदा : ‘चाललो.’

सपना : बाबा, दोन मिनिटं उरलीत.

रतन : वही उघड. लिही. ‘मी, सपना रतन गायसमुद्रे.’ स्वल्पविराम. ‘सभासद क्रमांक चार शून्य सात, एक एक आठ, नऊ दोन.’

सपना : ...नऊ दोन. हं.

रतन : ‘एकतीस डिसेंबरला आपला विमा सोडत आहे.’ पूर्णविराम.

सपना : पुढे?

रतन : पुढे सही.

सपना : आभार तरी मानू की एका शब्दात?

रतन : नको.

सपना : जर्मन मी स्वतः करते. या वेळी मशीन नको. एवढं येतं मला आता. ...झालं. बाबा, उघडली खिडकी! फोन चालूच ठेवते, बोलू नका कुणी.

(पलीकडे जर्मनमध्ये दोन-चार वाक्ये. कुणीतरी मोठ्याने हसते. मग शिक्क्याचा आवाज.)

नंदा : काय झालं गं? अगं बोल ना!

सपना : घेतलं! तारीख टाकली, शिक्का मारला, पोच दिली. आणि आई, त्या बाईने नाव वाचलं आणि उडालीच. ‘ते पत्र तुमचं?’ म्हणाली. हीच ती रडलेली!

रतन : काय म्हणाली पत्राविषयी?

सपना : जुन्या पत्राविषयी पुष्कळ. नव्याविषयी काहीच नाही. वाचलं, मान हलवली, शिक्का मारला. वर चॉकलेटचा डबा दिला, निरोपाचा. एक जानेवारीपासून मी तमिळ डॉक्टरणीची. ठेवते आता, लॅबला पळते.

नंदा : पंप घे आधी! सपना? ठेवला वाटतं.

रतन : एकही विशेषण नाही त्यात, नंदा. कर्ता, क्रमांक, तारीख. लहान मूलही लिहील असे वाक्य.

नंदा : चांगलं लिहिलंत.