शिंपीणबाईंचा टॅबलेट

दातांच्या डॉक्टरकडे माझ्या शेजारी एक शिंपीणबाई आणि तिचे यजमान बसले होते. त्यांच्या मांडीवर तिचा टॅबलेट होता.

"अहो, हे सगळं आडवं का दिसतंय?"

"जुनी सिस्टीम काढून लिनक्स टाकलंय. अजून बोट ओळखत नाही, पण सुरू कसा झटकन झाला बघ."

"चांगल्या चाललेल्याला हा नसता उद्योग कुणी सांगितला होता? आणि माझ्या गिऱ्हाइकांची मापं?"

"अगं, आधीचं सगळं पुसल्याशिवाय लिनक्स बसत नाही. म्हणून मी मापांची कॉपी काढून ठेवली होती."

"कुठे?"

"दुसऱ्या फोल्डरमध्ये."

"कशातल्या?"

"...ह्यातल्याच."

"दोनशे जणींची मापं होती हो. वीस जणींचं कापड कापायचं पडलंय घरी."

"मी एकेकीला फोन करून विचारतो ना."

"विचारा. नंबरही त्यातच होते."