मागितल्याशिवाय न वाढणारा वाढपी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय अर्जुनराव, आपल्या शाळेचे मुख्याध्यापक नारायणराव सर, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या संगणक शिक्षिका अलफिया मॅडम, त्यांच्या मातोश्री अमीरबी, धामणगाव बढे येथील समस्त गावकरी आणि मागच्या सतरंजीवर बसलेल्या माझ्या कापूस वेचणीच्या मैत्रिणींनो, तुम्हा सर्वांना विमलबाईचा मनापासून नमस्कार.

मॅडम बदली होऊन खामगावला चालल्या. वाईट वाटतंच. पण लेकीला चांगलं घर मिळाल्यावर आईनं किती वेळ रडायचं? शिवाय अध्यक्षांनी बजावलंय, भाषण आटोपशीर ठेवा. ते स्वतः किती आटोपशीर बोलतात, ते आपण शेवटी ऐकूच.

बोंडअळीचं ते साल आठवतं ना? बीटी कपाशी आहे, अळी शिवणार नाही, असं बियाण्याच्या दुकानापासून पारापर्यंत सगळे सांगत होते. आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी! माझी पऱ्हाटी उभीच्या उभी वाया गेली. पुढच्या श्रावणात नवी पऱ्हाटी फुलावर आली, तेव्हा मी रोज बांधावर जाऊन पाहत बसायची. याही वर्षी तसंच झालं तर?

तेव्हा नारायणराव सरांनी एका कृषी शास्त्रज्ञांना शाळेत बोलावलं. ही अळी ज्या फुलात लपते ती डोमकळी, म्हणजे न उमलता मिटूनच राहिलेलं फूल, ते पडद्यावर दाखवणार होते. पण सभागृह पुरुष मंडळींनीच भरणार. शाळा समितीतले उकंडराव म्हणाले, "बायाईले काय, घरी गेल्यावर सांगून देऊ." मॅडम म्हणाल्या, "काका, डोमकळ्या तोडणार कोण? तुम्ही?" उकंडराव, रागावू नका हो, तेव्हा तुम्ही जो घसा खाकरला तो अजून माझ्या कानात आहे.

मॅडमनी आम्हाला मैदानापलीकडच्या इमारतीत, संगणकांच्या खोलीत बसवायचं ठरवलं. आदल्या दिवशी करून पाहिलं, तर प्रत्येक संगणकाला वेगळं चित्र पाठवताना मधली लाईन गुदमरली. सगळ्यांसाठी मिळून एकच चित्र सोडलं, तर दोन इमारतींच्या मध्ये जोडलेला जुना लिनक्सचा संगणक ते पलीकडे जाऊच देईना. मग मॅडमनी त्याच संगणकावर मल्टिकास्ट प्रॉक्सी नावाचा एक चिमुकला प्रोग्राम बसवला. जुन्या यंत्रालाही ओझं वाटू नये, एवढासा. चित्र कोणत्या बाजूनं येतं आणि मागणारे कोणत्या बाजूला बसलेत, एवढंच त्याला सांगायचं. आम्हाला म्हणाल्या, "हा पंगतीच्या दारातला वाढपी समजा. तुम्ही मागितलं की हा आचाऱ्याकडून एकच बादली आणतो आणि मागणाऱ्या सगळ्यांना वाढतो." आम्ही माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी सभागृहात व्याख्यान सुरू झालं आणि आमच्या खोलीतले पडदे कोरेच. मॅडम तिकडे त्या जुन्या संगणकापाशी बसून सगळं उलटसुलट तपासत होत्या, चूक सापडेना. पाहुण्यांना पुढे सोनाळ्याला जायचं होतं. डोमकळी पाहिल्याशिवाय मी वावरात काय तोडणार होते, माझं कपाळ? मला तर रडूच यायचं बाकी होतं.

शेवटी मॅडम धावत आमच्याकडे आल्या. पाहतात तर काय, आम्ही सगळ्या हात मांडीवर ठेवून शहाण्यासारख्या बसलेल्या. चित्र सुरू करायचं बटण कोणीच दाबलेलं नाही!

"मावशी, काऊन नाही दाबलं?"

आमची तानाबाई म्हणाली, "वाढपी येईनच म्हटलं ना माय. पंगतीत बाईनं मांगाव काय?"

सांगा मंडळी, तिचं काय चुकलं? आपल्याकडे पुरुषांची पंगत उठल्यावर बायका बसतात आणि पानात पडेल ते जेवतात. आणखी हवं असलं तरी तोंड उघडायचं नाही, हेच आम्हाला आमच्या आयांनी शिकवलं. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि खो-खो हसल्या. "मावशी, हा वाढपी मांगल्याशिवाय जागचा हालत नाही. मांगा! लाजू नका!"

मी बटण दाबलं. आणि ती मिटलेली डोमकळी पडद्यावर अशी समोर आली की हात लावून तोडावी. मग सगळ्यांनीच बटणं दाबली. दुसऱ्या सकाळपासून आम्ही वावरं पालथी घातली, डोमकळ्या तोडून नष्ट केल्या. सगळंच वाचलं असं नाही, पण त्या हंगामात माझ्या घरात पांढराशुभ्र कापूस आला. तो पाहून मी आधी मॅडमना बोलावणं धाडलं होतं.

मॅडम, तो चिमुकला प्रोग्राम अजून चालतोय. मधूनमधून तो विचारतो म्हणे, मागणारं कोणी आहे का? उत्तर आलं नाही की वाढणं थांबवतो. तुम्ही काळजी करू नका. परवाच्या लग्नात तानाबाईनं भर पंगतीत हाक मारून जिलेबी मागितली, वाढपी बिचारा दचकला. आणि आज मॅडमविषयी कोण बोलणार असं सरांनी विचारलं, तेव्हा पुरुष मंडळी एकमेकांकडे पाहत असताना मी म्हटलं, "मले बोलाचं हाये."

अशी लेक आमच्या गावाला दिल्याबद्दल अमीरबींचे, आणि मला ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. कोणाचं नाव सुटलं असेल, एखादा शब्द जास्तीचा पडला असेल, तर घरची समजून पोटात घाला.

आणि मॅडम, जाता जाता एक मागते. दरवर्षी पहिल्या वेचणीला माझ्या वावरात या. तुम्ही येईपर्यंत मी वेचणीला हात लावणार नाही.