अर्ध्या दिवसानं ज्युनिअर

माहेर माझं गोंदियाचं, लग्न होऊन जबलपूरले आली तवापासून तिथल्या गोरखपूर मोहल्ल्यातच राहते. नवरा फॅक्टरीत होता, नोकरीत असतानाच वारला, त्याच्या जागी मले घेतलं.

रुजू व्हायचा दिवस शुक्रवार. सासूबाई म्हणे साडेदहा ते बारा राहुकाळ आहे, त्यात सही करू नको बाई, आधीच आपलं काय कमी वाईट झालं. मी आपली गेटबाहेर डबा मांडीवर घेऊन बसून राहिली, नं माझ्याच संगं लागलेला वर्मा सरळ आत जाऊन सही ठोकून मोकळा. मी केली बारानंतर. बाबूनं कागदावर लिहिलं, दुपारनंतर. काय सांगू तुम्हाले, त्या एका शब्दानं एकोणतीस वर्षं खाल्ली माझी. सकाळवाला सीनियर, दुपारवाली ज्युनिअर. सुपरवायजरची एकच जागा निघाली, तो झाला. मेल्याले मशीन धड खोलता येत नव्हती, मलेच हाक मारे, नं चहाले उठली की म्हणे, दीदी, सीनियर से पूछ के जाया करो. तळपायाची आग मस्तकात जाये माझ्या. सासूबाईच्या फोटोले हार घालते, पण राग आहे, खोटं काहून बोलू?

रिटायर झाली नं सगळा पैसा कामगारांच्या पतसंस्थेत टाकला, सुनेपुढं हात पसरायले नको म्हणून. तिथं मी वर्माच्याही आधीची मेंबर. वाटलं, इथं तरी. आता ती संस्थाच बुडाली. पासबुक घेऊन गेली, तिथं हिशेब निपटवाले बसलेल्या साहेबाले म्हटलं मी सगळ्यात जुनी, माझं आधी द्या. तो म्हणे, माताजी, सीनियर वो, जिसके पास गिरवी है. म्हणजे बँक! तिनं काल-परवा संस्थेची इमारत गहाण घेऊन तिले कर्ज दिलं, ती सीनियर. तिचं फिटून उरलं तर आम्हा ठेवीदारांले, नं त्यात जुनं-नवं काही नाही, सगळे एका रांगेत. अरे, मग एवढी वर्षं मले काय शिकवून राहिले होते तुम्ही?

बाहेर बाकावर वर्मा बसला होता. त्याचंही गेलं. म्हणे, चलो दीदी, अब तो हम दोनों बराबर.

आता म्हणते हा, बराबर! मी उभीच राहिली, त्याच्या बाजूले बसली नाही. या वयात माणसानं म्हणावं, जाऊ द्या, देव तुमचं भलं करो. ओठावर आलं होतं, बरं का. पण म्हटलं नाही.